व्हॉल्व्ह बदलल्यावर छातीतली धडधड ऐकू येते. सवय होते का कोणाला?

बाभूळबन (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १:२०

इथे बरीच वर्षं नुसताच वाचतो, लिहायचं काम पडलं नाही. आज लाइन गेली आहे, पंखा बंद, आणि माझं हृदय एवढ्या जोरात वाजून राहिलं की बाजेची सुतळी हलते असं वाटते. म्हणून लिहून राहिलो.

वय ४४, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. नऊ वर्षांचा असताना ताप आला होता आणि सांधे सुजले होते. आज हा गुडघा, उद्या तो घोटा. मायनं एरंडाचा पाला बांधला, महिन्याभरात खेळायला लागलो. तो ताप हृदयाचा व्हॉल्व्ह खाऊन गेला हे पस्तीस वर्षांनी कळलं. मधल्या काळात वखरताना दम लागायचा तर म्हणायचो खर्रा (तंबाखू-सुपारीचा) जास्त होऊन राहिला. बायको म्हणायची, बसल्या बसल्या तुमची मान हलते, कोणाला हो-हो म्हटल्यासारखी. आम्ही त्याच्यावर हसायचो.

एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त जाते तिथला, गळत होता. सात आठवड्यांपूर्वी नागपूरला ऑपरेशन झालं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. धातूचा व्हॉल्व्ह टाकला. जखम सुकली, भूक लागते, पायावरची सूज गेली. तक्रार एकच, धडधड.

टिकटिक वेगळी आहे. ती घड्याळासारखी, तिचं मला काही नाही. मी म्हणतो ती धडधड म्हणजे आतून कोणी बुक्की मारावी तशी. डाव्या कुशीवर वळलो की उशीत ऐकू येते. जेवलो की वाढते, संडासातून उठलो की वाढते, गेटावर कोणी जोरात हाक मारली तरी वाढते. मनगटावर मोजले तर निजून ९४-९६ ठोके. सुट्टी होताना मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर "होईल सवय" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

चार-पाच दिवसांपासून तर जास्तच झालं आहे. व्हॉल्व्ह सुटून तर नाही राहिला? बायको झोपत नाही. टिकटिक ऐकत पडून राहते. मी उताणा निजलो आणि आवाज कमी आला की छातीवर हात ठेवून पाहते. त्या हातानं मी दचकतो, की धडधड डबल.

ज्यांचं असं ऑपरेशन झालं त्यांनी सांगा.

खडूफळा · सोमवार, सकाळी ६:०५

भाऊ, आधी एक. सात आठवडे म्हणजे काहीच नाही. माझं २०१२ साली झालं, माइट्रल व्हॉल्व्ह, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला. कारण तुमचंच, लहानपणीचा ताप. पहिले तीन महिने मी भिंतीला टेकून बसत नव्हते, कारण टेकलं की भिंतच धडधडते असं वाटायचं.

माझा चित्रा व्हॉल्व्ह आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार केलेला, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला. आधीचे नमुने फसले आणि चौथा जमला, हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. का ते सांगता येणार नाही. त्याची चकती एका टणक प्लास्टिकची असते, त्यामुळे आवाज जरा दबका येतो. तरी सुरुवातीला दहावीच्या पेपरला सुपरव्हिजन करताना पोरं मान वर करून भिंतीवर घड्याळ शोधायची. वर्गात घड्याळ नव्हतंच! एक गंमत करून पाहा, तोंड उघडं ठेवा, टिकटिक वाढते. मिटलं की कमी. मी पोरांना तसं करून दाखवायचे, मग त्यांचं पेपरात लक्ष लागायचं.

धडधडीचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलं, ती निराळी. ती कमी होते. पूर्ण जाते म्हणत नाही. आजही जिना चढून आले की ऐकू येते, पण आता शेजारच्या घरातल्या मिक्सरसारखी. चालू आहे एवढं कळतं, लक्ष जात नाही.

पाणलोट · सोमवार, सकाळी ७:३०

राम राम भाऊ. मी मोटरा बांधतो, डाक्टर नोहो. पन मले यातलं एक समजते म्हून सांगतो.

विहिरीतला फुटबॉल गळाला का काय होते? मोटर पानी वर चढवते अन अर्धं पानी माघारी उतरते. तेवढंच पानी वावरात पोचवाले मोटरले डबल मेहनत. तुमचा फुटबॉल तीस वर्सं गळत होता. मोटरनं कसं चालवलं असन? आंग मोठं केलं अन जोर वाढवला. आता फुटबॉल नवा कोरा बसला. पन मोटरले कोनं सांगितलं? ते आपली जुन्याच जोरानं हानून राह्यली. म्हून पाइप आदळते.

माह्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं दोन सालाखाली. वरसभरात मोटर समजली.

(जे फुटबॉल खेळायचा समजले त्यांच्यासाठी: विहिरीत पाइपाच्या बुडाले लावतेत तो. दुकानात फुटव्हॉल्व्ह म्हनतेत.)

गावचा_डॉक्टर · सोमवार, सकाळी ९:१०

पाणलोटभाऊंनी माझं अर्धं काम केलं. एमडीच्या परीक्षेत असं लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते.

एऑर्टिक व्हॉल्व्ह गळत असला की प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकलेल्या रक्तातलं काही परत येतं. ते पुन्हा फेकायचं, म्हणून डावा कप्पा ताणून मोठा होतो आणि प्रत्येक ठोका दणक्यात मारतो. मान हलणं हे त्याचंच जुनं, पुस्तकी लक्षण आहे. तुमच्या बायकोनं निदान केलं होतं, तुम्ही हसलात. व्हॉल्व्ह बदलला तरी तो कप्पा एका रात्रीत आकसत नाही, काही महिने लागतात. मोठं, जोरकस हृदय आता छातीच्या पुढच्या भिंतीवर आपटतं. डाव्या कुशीवर ते भिंतीच्या आणखी जवळ येतं, म्हणून तिकडे जास्त जाणवतं. हे कोणाचंही होतं, तुमचं जरा जास्त.

पण भाऊ, "चार-पाच दिवसांपासून जास्त" या वाक्यापाशी मी थांबलो आहे. सात आठवड्यांत हळूहळू कमी व्हायला हवं, मध्येच वाढायला नको. गोळ्या कोणत्या चालू आहेत, सगळ्या लिहा. एकही सोडू नका.

निवृत्त_सिस्टर · सोमवार, सकाळी ११:४५

नागपूरच्या हृदयरोग वॉर्डात २६ वर्षं काढली, आता वर्धेला असते. डॉक्टर कप्प्याचं बोलले, मी बाकीचं सांगते. हे सुट्टीच्या दिवशी सांगायचं असतं, आणि त्याच दिवशी दहा सुट्ट्या असल्या की राहून जातं. वाईट वाटून घेऊ नका.

ऑपरेशनला छातीचं हाड मधोमध कापतात आणि तारेनं बांधतात. हृदयाभोवतीची पिशवी उघडतात, पुष्कळदा पूर्ण शिवत नाहीत. म्हणजे आधी जे पिशवीत, तेलात बुडाल्यासारखं हलत होतं ते आता थेट हाडामागे येतं. शिवाय रक्त कमी झालेलं असतं. हिमोग्लोबिन उतरलं की हृदय जोरात आणि भरभर पळतं. तुम्ही हिमोग्लोबिन कधी पाहिलं शेवटचं?

बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. आकड्यापेक्षा ताल बघा, बैलाच्या घुंगरासारखा सारखा पडतो की कधी दोन लगोलग आणि मग एक गायब? सारखा असेल तर निम्मी काळजी गेली. वेडावाकडा असेल तर त्याच दिवशी ईसीजी. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत असा वेडावाकडा ताल पुष्कळांना येतो, औषधानं बसतो, पण अंगावर काढायचा नसतो.

आणि वाट न पाहता १०८ ला फोन कधी करायचा तेही वहीत लिहून बायकोजवळ द्या. निजून ठोके १२० च्या वर आणि उतरतच नाहीत. चक्कर येऊन पडलात. उताणं निजवत नाही, दम कोंडतो. तोंड वाकडं, एक हात जड, बोलणं अडखळतं. आणि टिकटिक अचानक बोदी झाली किंवा ऐकूच येईना. धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी बसली की आवाज दबतो. तुमची बायको रात्री जे ऐकत बसते ना, ती वेडी नाही. तिला फक्त सांगा की उताण्यानं आवाज कमी येणं वेगळं आणि कुठल्याच कुशीवर न येणं वेगळं.

थंडी वाजून ताप आला, दोन दिवस राहिला, तर मलेरियाची गोळी घेऊन घरी बसायचं नाही. आणि खोकताना छातीच्या हाडात कटकट वाजलं तर ती व्हॉल्व्हची नव्हे, हाडाची, सर्जनला दाखवायची.

बाभूळबन · सोमवार, दुपारी २:३०

सिस्टर, तुम्ही लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण वही आणून दिली.

डॉक्टरसाहेब, गोळ्या: रक्त पातळ करायची संध्याकाळी. लघवीची सकाळी. एक पोटाची. आणि एक मेटोप्रोलॉल होती, ती संपली. मागच्या बुधवारी संपली. तालुक्याच्या मेडिकलमध्ये तेवढ्या पॉवरची नव्हती. दुकानदार म्हणाला ही बीपीची आहे. मला तर बीपी नाही, म्हणून म्हटलं एक गोळी कमी झाली तर बरंच आहे.

हिमोग्लोबिन सुट्टीनंतर पाहिलं नाही.

गावचा_डॉक्टर · सोमवार, दुपारी २:५०

सापडलं.

ती गोळी तुम्हाला बीपीसाठी नव्हती, हृदयाला लगाम म्हणून होती. एकाएकी सोडली की ठोके उसळतात, आधीपेक्षा जास्त. बुधवारी संपली आणि चार-पाच दिवसांपासून वाढलं, हिशेब जुळतो. पण इथे बसून मी हे ठामपणे सांगू शकत नाही, म्हणून आज संध्याकाळी किंवा फार तर उद्या सकाळी तालुक्याला नाही, यवतमाळला जा. ईसीजी, हिमोग्लोबिन, आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ). जमलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. गोळी पुन्हा सुरू करायची ती त्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, चार दिवसांची राहिलेली एकदम नाही.

आणि खर्रा? तुम्ही वर "म्हणायचो" असं लिहिलं आहे, भूतकाळी. खरं सांगा.

बाभूळबन · सोमवार, दुपारी ३:१५

दिवसातून एक पुडी. चौघांत.

पाणलोट · सोमवार, दुपारी ३:२०

चौघात म्हने. माह्या भावाची बी चौघातच होती, बाकीचे तीन कोन हायेत ते आम्हाले आजवर दिसले नाही.

जडीबुटी · सोमवार, रात्री ८:४०

सगळे गोळ्याच सांगून राहिले. आपल्या नदीकाठी अर्जुनाची झाडं आहेत, त्याच्या सालीचा काढा हृदयासाठी शेकडो वर्षांपासून वापरतात. दुधात उकळून सकाळ-संध्याकाळ घ्या, धडधड आठ दिवसांत बसेल. माझ्या मामांनी घेतला.

निवृत्त_सिस्टर · सोमवार, रात्री ९:३०

मामांच्या छातीत धातूचा व्हॉल्व्ह होता का? नसेल तर तुलना होत नाही.

जडीबुटी · सोमवार, रात्री ९:४५

म्हणजे आयुर्वेद खोटा? हेच बोला ना सरळ.

खडूफळा · सोमवार, रात्री १०:१०

कोणी खोटा म्हटलं नाही हो. मी स्वतः २०१४ मध्ये हेच केलं होतं, म्हणून सांगते. गावातल्या एकांनी दिलेला काढा तीन आठवडे घेतला. त्यात काय काय होतं ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, मांडीवर न लागता निळे डाग. आयएनआर पाच पलीकडे गेला होता. काढ्यानंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण बंद केल्यावर उतरला. रक्त पातळ करायची गोळी ही सासूसारखी असते, घरात कोण आलं कोण गेलं सगळं तिला सांगावं लागतं. काढा, दुखण्याची गोळी, दुसऱ्या डॉक्टरची अँटिबायोटिक, काहीही.

गावचा_डॉक्टर · मंगळवार, सकाळी ७:००

खडूफळाताईंना अनुमोदन, सासूसकट. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

आपल्याकडे एक खास धोका आहे. ताप आला की गावातल्या दवाखान्यात कंबरेवर सुई. रक्त पातळ असताना मांसात सुई टोचली की आत रक्त साकळून गाठ होते. सुई द्यायच्या आधी सांगायचं, व्हॉल्व्ह बदलला आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ज्यांना संधिवाताच्या तापासाठी (बाभूळबनभाऊंना लहानपणी आला तो) दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची सुई असते त्यांनीही ऑपरेशननंतर पुढे काय करायचं, सुई की तोंडानं गोळी, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. ती बंद करायची की नाही हे आपण ठरवायचं नाही. दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागते, हेही दाताच्या डॉक्टरला आधीच सांगा.

आणि बैलाचं शिंग, मोटरसायकल, घराच्या धाब्यावरून पडणं, कशानंही डोक्याला मार लागला तर "काही झालं नाही" म्हणून घरी बसू नका. आत रक्तस्राव उशिरा कळतो.

वारकरी_पोरगा · मंगळवार, दुपारी १२:२०

वाशीम जिल्हा. बाबांचं मागच्या वर्षी झालं, वय ७१. व्हॉल्व्ह वयानं कडक होऊन आखडला होता. त्यांना धातूचा नाही, प्राण्याच्या ऊतींचा बसवला. या वयात तो बरा, रक्त पातळ करायची गोळी तीन महिन्यांनी बंद होते म्हणाले, आणि साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतो.

लिहायचं कारण, धडधड त्यांनाही होती. टिकटिक नाही, पण धडधड हीच, उशीत ऐकू येणारी. म्हणजे धातूचा दोष नाही. त्यांची चार महिन्यांत बरीच उतरली.

अवांतर: बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सर्जननं सांगितलं की व्हॉल्व्ह गाईच्या हृदयाच्या आवरणाचा असतो किंवा डुकराचा. बाबा दोन महिने गप्प होते. आषाढीला दिंडीत दमामुळे अर्ध्या वाटेतून परतावं लागलं, त्यानंतर एका संध्याकाळी म्हणाले, तारीख घे. आणि तुझ्या आईला सांगू नको. आईला अजून माहीत नाही. ती उपासाच्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळं ताट काढते, आणि ते माझ्याकडे बघतात.

नाव_नको · मंगळवार, रात्री ११:००

माझा माइट्रल व्हॉल्व्ह १९ व्या वर्षी बदलला, धातूचा. आता २४. गोंदिया जिल्हा. धडधडीची सवय झाली असं वाटलं होतं. पण पाहायला पाहुणे येतात तेव्हा पोह्यांची प्लेट हातात असते आणि टिकटिक एवढी वाढते की मला वाटतं त्यांना ऐकू जाते. घरचे म्हणतात सांगायचं नाही, गळाबंद ब्लाउज शिवला आहे. मला हे असं नको आहे. कोणी सांगून लग्न केलं आहे का?

खडूफळा · मंगळवार, रात्री ११:३५

बाळा, माझं ऑपरेशन लग्नानंतर, दोन मुलांनंतर झालं, त्यामुळे मी तुझ्या जागेवर उभी राहिलेली नाही. पण माझ्या नवऱ्याला पहिल्या रात्रीपासून हा आवाज ऐकू येतो. हा लपणारा दागिना नाही. लग्नानंतर पहिल्या शांत रात्री कळणारच आहे. मग आधी सांगून दोन स्थळं परत गेलेली बरी. घरच्यांशी बोलायचं असेल तर मला निरोप पाठव, मी येईन. खरंच येईन, बस जाते.

गावचा_डॉक्टर · बुधवार, सकाळी ६:५०

नाव_नको, आणखी एका कारणासाठी सांगायलाच हवं. गर्भ राहिला तर रक्त पातळ करायची गोळी बाळाला धोक्याची असू शकते, आणि ती मनानं बंद केली तर तुमच्या व्हॉल्व्हला धोका. मार्ग आहेत, पण ते दिवस राहण्याच्या आधी हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असतात. नवऱ्यापासून लपवून हे जमत नाही.

बाभूळबन · बुधवार, रात्री ९:००

काल यवतमाळला जाऊन आलो. मेहुण्यानं गाडी केली, एसटीत बसू दिलं नाही.

ईसीजी सरळ, ताल सारखा, ठोके १०४. हिमोग्लोबिन ९.१. इको चांगला, व्हॉल्व्ह जागेवर घट्ट आहे, डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवला. पांढऱ्या दोन रेघा उघडतात आणि मिटतात. मी तिथेच रडलो, मेहुणा बाहेर निघून गेला.

आयएनआर मात्र १.६ निघाला. पाहिजे २ ते ३. डॉक्टरांनी विचारलं काय खाता. झालं असं की बहीण राहायला आली आहे. भावाला ताकद यावी म्हणून तिनं पंधरा दिवस रोज हिरवी भाजी लावली. मेथी, अंबाडी, चवळी, आणि वरून सांबाराची चटणी. तिला कळलं तेव्हा तीच रडायला लागली.

मेटोप्रोलॉल सुरू केली, लोहाची गोळी दिली, रक्ताच्या गोळीची मात्रा वाढवली, आठ दिवसांनी पुन्हा तपासणी. खर्रा बंद. चौघातली पुडी आता तिघांत.

खडूफळा · बुधवार, रात्री ९:४०

बहिणीला सांगा, भाजी बंद करायची नाही! सगळे हीच चूक करतात. हिरव्या भाजीत व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. पण भाजी सोडली तर उलटीकडे घसरतं. रोज सारखी खायची, आठवड्याला जेवढी ठरली तेवढी. मात्रा भाजीप्रमाणे बसवतात.

माझ्या वहीत बारा वर्षांचे आकडे आहेत. कार्तिकापासून वावरात पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी सुरू झाली की माझा आयएनआर खाली जातो. चैत्र-वैशाखात नुसतं वरण, चून (पिठलं) आणि वाळल्या वड्या, की वर चढतो. मी आता दोन्ही ऋतू लागायच्या आधी तपासून घेते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, वहीनं सांगितली.

(आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या लोकांनी इडलीबरोबर जोडू नये.)

निवृत्त_सिस्टर · गुरुवार, सकाळी १०:१५

रात्रीसाठी काही साधं. उजव्या कुशीवर, पाठीमागे जाड उशी लावून, म्हणजे झोपेत डावीकडे वळणार नाही. जेवण सातला, निजणं दहाला. दुपारनंतर चहा नको. शांततेत आवाज मोठा होतो, म्हणून लाइन असेल तेव्हा पंखा, नसेल तेव्हा सेलवरचा रेडिओ बारीक. माझे पुष्कळ पेशंट सांगायचे की पावसाळ्यात टिनावर पाऊस पडतो त्या रात्री चांगली झोप लागते.

आणि रडलात ते बरं झालं. या ऑपरेशननंतर मन खाली जातं, पुरुष ते छातीत धडधड होते या नावानं सांगतात. दोन-तीन आठवडे झोप, भूक, कशातच मन लागलं नाही तर तेही डॉक्टरांना सांगायचं, लाज नाही.

तिसरा महिना संपेपर्यंत फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. तो भरला की १६ लिटर, म्हणजे १६ किलो, आणि वर ओढायचा दांडा. हाड जुळलेलं नसतं.

गावचा_डॉक्टर · गुरुवार, दुपारी १:३०

एका सदस्यानं निरोपात विचारलं, नवरा-बायकोनं जवळ कधी यायचं. इथेच सांगतो, अनेकांना हवं असेल. दोन मजले न थांबता, दम न लागता चढता आले आणि हाड जुळलं असं सर्जन म्हणाले, की हरकत नसते. छातीवर वजन येऊ द्यायचं नाही. ठोके वाढतील, वाढायलाच हवेत, थोड्या वेळात उतरले म्हणजे ठीक.

आणखी एक. कधी कधी ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि मग एकच "धप्प" येतो, घसा आवळतो. एक ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय जरा जास्त थांबतं. त्या वेळात बादली जास्त भरते, म्हणून पुढचा उपसा जड. अधूनमधून एखादा असेल तर घाबरायचं नाही. सारखे येऊ लागले, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दाखवायचं.

वारकरी_पोरगा · गुरुवार, रात्री ८:००

बाबांना हे वाचून दाखवलं. मजल्यांचं सोडून.

बाभूळबन · तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:१०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. हिमोग्लोबिन १०.८. आयएनआर २.४. निजून ठोके ७४ ते ७८. धडधड आहे, पण आता ती माझ्यामागे लागत नाही, मी शोधली तर सापडते. जेवल्यावर अजून येते. बायको झोपते. परवा तर तिला घोरताना ऐकलं आणि मीच जागा राहिलो.

कापूस वेचणी चालू आहे. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) बायकोनं केली, मी बाजेवर बसून वेचणाऱ्या बायांच्या मणांचा हिशेब लिहितो. उचलायला कोणी देत नाही, गाठोड्याला हात लावला की बहीण ओरडते.

नाव_नको · रविवार, रात्री ९:२०

खडूफळाताई येऊन गेल्या आमच्या घरी. एवढंच सांगायचं होतं.

पाणलोट · रविवार, रात्री ९:३०

बाभूळबनभाऊ, कापूस कितीनं गेला?

बाभूळबन · रविवार, रात्री १०:०५

विकला नाही अजून, भाव वाढायची वाट पाहून राहिलो. पुढच्या खोलीत छातीएवढा भरून ठेवला आहे. काल लाइन गेली तर त्याच्यावरच जाऊन निजलो, डाव्या कुशीवर. रात्रभर अंगाला खाज सुटली, पण आवाज नाही आला.